गड्डा झाला की दुर्बीण

मी शाळेत शिकवायला निघाले की सासूबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "आमची सून सकाळी जाती, संध्याकाळी येती. मधी पान्याचा थेंब न्हाय." शुक्रवार पेठेत सुनेचं कौतुक इतकं उघड क्वचितच होत असेल. बाईच्या जातीनं घराबाहेर पाणी पिऊ नये, हा धडा त्यांचाच. माझ्या शाळेत बायकांसाठी मुतारी नव्हती, त्यामुळे तो मला सोयीचाही पडला. सोलापूरच्या उन्हात तो मी बरीच वर्षं गिरवला.

मग लघवीला आग, ताप, गोळ्या, पुन्हा आग. एकदा लघवी लाल झाली तेव्हा मात्र सर्जनकडे गेले. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि आतला बारीकसा तुकडा पुण्याला तपासायला पाठवला. निकाल आल्यावर समोर बसवून सांगितलं, मूत्राशयाचं अस्तर ओठाच्या आतल्या बाजूसारखं मऊ असतं. तुमच्या तिथं एका जागी टाचेसारखी जाड, पांढरी कातडी धरली आहे. असं फार थोड्यांना होतं.

"कॅन्सर आहे का?" मी विचारलं.

"नाही. पण पुढं होणारच नाही, असं लिहून देणार नाही. पाणी भरपूर प्या, तुंबवून ठेवू नका आणि दरवर्षी दुर्बीण करून घ्या. दुखत नसलं तरी."

घरी येताना टांग्यात मी पुरती घाबरलेली होते. मुलगी अजून लहान होती. पण भीती उराशी धरून बसणं मला कधी जमलं नाही. दुसऱ्याच दिवशी हेडमास्तरांकडे गेले. "दोन बायकांसाठी वेगळी मुतारी बांधायची?" ते म्हणाले. मी वाद घातला नाही. रोज भर तासात वर्ग सोडून घरी जाऊन येऊ लागले. माझी चौथीची पोरं आवाजात कुणाला हार जाणारी नव्हती. दिवाळीच्या आत शाळेमागं पत्र्याची खोली उभी राहिली.

तपासणी विसरू नये म्हणून ती मी संक्रांतीच्या जत्रेला, म्हणजे आमच्या गड्ड्याला, बांधून टाकली. गड्डा संपला, मैदानातले पाळणे उतरले, की दुर्बीण.

सासूबाईंना हे अजिबात पटत नव्हतं. त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं. रागावल्या की कानडीत, समजवायला लागल्या की मराठीत. पहिल्या वर्षी कानडी झाली. दुसऱ्या वर्षी जवळ बसवून म्हणाल्या, "आता दुखतंय का? न्हाय न्हवं? मग कशाला उकरून काढायलीस? बाईचं दुखनं बाईनं झाकून ठेवावं."

"आत्याबाई, दुखायची वाट बघत बसू का?"

त्या भिंतीकडं तोंड करून बसल्या. मी गेलेच.

त्याच्या पुढच्या वर्षी माझे यजमान परगावी होते, म्हणून सासूबाईंनाच सोबत यावं लागलं. दवाखान्याच्या बाकावर पदर आवळून बसल्या. आत डॉक्टर म्हणाले, "डाग वाढलेला नाही. उलट कडेनं थोडा कमी झालाय. पुढच्या वर्षी या." मला नाचावंसं वाटलं, पण त्या अवस्थेत नाचता येत नाही.

बाहेर येऊन सासूबाईंना सांगितलं. मी चपला घालू लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला.

"आत बाई मानूस हाय का?"

"आहे की. नर्स आहे."

"मग माजं बी नाव सांग. लई वर्सं झाली, आग होतीया. कवा कवा लाल बी जातंय."

इतकी वर्षं त्या मला अडवताहेत असंच मी धरून चालले होते. त्यांना स्वतःलाच त्या दाराची भीती होती, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण ती रडायची जागा नव्हती. मी आत जाऊन नाव सांगितलं आणि कोपऱ्यातल्या माठातून ग्लास भरून आणला.

घराबाहेर त्यांना पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी एकदा दाराकडं पाहिलं आणि सगळा ग्लास रिकामा केला. मग तो माझ्यापुढं धरला.

"आनिक आन," म्हणाल्या.