भिंतीवरचे पैलवान

कल्याणच्या बाजारात कापडाच्या दुकानी नोकरीला लागलो तेव्हा मी मराठी तिसरी अर्ध्यावर टाकून आलेलो. घर पार मालवणाकडे, बोटीच्या वाटेवर. शेटजींनी दुकानामागची पडवी राहायला दिली, जेवण त्यांच्याच घरून येई. त्यांचे उपकार मी अजून विसरलेलो नाही. पण त्या दिवसांत मला त्या उपकारांचीच धास्ती वाटे. उद्या हे काढून घेतलं तर जायचं कुठे?

विलायती मांजरपाटाच्या प्रत्येक ताग्यावर रंगीत चित्राचा कागद चिकटवलेला असे. त्याला छाप म्हणत. बहुतेक गिऱ्हाइकांना वाचता येत नसे, छाप बघूनच ती माल ओळखत. एका मालावर कुस्तीगीर येत. कुणी लंगोट कसतोय, कुणी मुद्गल फिरवतोय. तागा विकून संपला की छाप मी मागून घेई आणि खळीने भिंतीवर डकवी. अकरा झाले होते, उशाशी ओळीने. त्यांच्याकडे बघत पडलं की परक्या गावची भीती जरा कमी होई.

बारावा गदा खांद्यावर घेतलेला. तो कोऱ्या ताग्यावर आला आणि तागा संपेपर्यंत मला दम निघेना. ओल्या फडक्याने मी तो सोडवला आणि बाकीच्यांच्या ओळीत डकवला.

चार दिवसांनी खाडीपलीकडचा एक शेतकरी लग्नाचं कापड घ्यायला आला. शेटजींनी नेमका तोच तागा पुढे टाकला. त्याने तो उलटापालटा केला.

"शेट, याचा पयलवान कुठं गेला?"

"निघाला असेल वाटेत. माल तोच आहे."

"कुस्ती हरून पलाला का काय? नको मना. छाप नाय तं माल कंचा, कुनाला ठावं."

तो उठून समोरच्या दुकानात गेला. शेटजी ताग्यावर हात ठेवून बसले. "मुंबईच्या आडत्याने हलका माल घुसडला," ते म्हणाले. "उद्या जाऊन त्याच्या तोंडावर फेकतो. इतक्या वर्षांचा घरोबा, आणि हे?"

बोललो तर नोकरी आणि पडवी दोन्ही जाणार. गप्प राहिलो तर त्या बिचाऱ्या आडत्यावर आळ. दुपारी दुकान मिटल्यावर ताट न शिवता परत पाठवलं आणि छाप पुन्हा ताग्यावर चिकटवावा म्हणून भिंतीवरून ओढला. पैलवान कमरेतच फाटला.

"अरे, जेवला का नाहीस?" शेटजी दारात उभे होते. पडवीत ते कधी आलेले नव्हते. त्यांनी भिंत पाहिली, मग माझ्या हातातला अर्धा कागद.

"हा आपल्या ताग्याचा?"

"हो."

"आणि हे?"

"संपलेल्या ताग्यांचे. आईशपथ."

ते एकेक पैलवान बघत राहिले. मी वळकटी बांधायला घेतली.

"कुठे निघालास?"

"गावाला."

"आणि तो तागा कोण विकणार, तुझा बाप? मी उद्या त्या माणसाशी कायमचं भांडून आलो असतो, कळतंय का तुला?" त्यांनी फाटका कागद माझ्या हातातून घेतला. "तूच विकायचास. छाप कुणी काढला हे प्रत्येक गिऱ्हाइकाला आपल्या तोंडाने सांगून."

सांगितलं. कुणी हसे, कुणी कापडावरचा हात काढून घेई. तागा संपायला आषाढ उजाडला. माणूस पायरी चढला की मी तो तागा पुढे ओढून सांगायला लागे. शेटजी सुपारी कातरत दुसरीकडे बघत बसत, आणि माझं सांगून होईपर्यंत त्यांचा अडकित्ता थांबलेला असे.