मुशीच्या तळाचा निळा डाग

धारवाडला संशोधन करत होते तेव्हा कथिलाचं ऑक्साइड हेच माझं जग होतं. पिठासारखी पांढरी पूड. लिथियम बॅटरीच्या ॲनोडला ती लावली की चार्ज होताना लिथियम आत शिरतं आणि पूड फुगते. बॅटरी उतरताना आकसते. फुगून-आकसून तिला तडे जातात. माझ्या बटणाएवढ्या बॅटऱ्या अशाच एकामागून एक मान टाकत होत्या.

मग एका खेपेची बॅटरी टिकली. आठवडे गेले तरी पडद्यावरची क्षमतेची रेघ खाली येईना. मी हरखले. माझ्या गाइड मॅडम एवढंच म्हणाल्या, "छान. आता परत करून दाखव."

परत काही जमेना. रसायनं तीच, भट्टी तीच. शेवटी भांडी तपासायला घेतली. पूड भाजलेल्या मुशीच्या तळाला फिकट निळा डाग होता. शेजारच्या टेबलावरच्या सिनियर अक्काला दाखवला.

"अय्यो, ही माझी मूस की! यात मी कोबाल्ट भाजत होते."

तपासणीत खरंच माझ्या पुडीत कोबाल्ट निघालं. जिच्या शुद्धपणावर मी खूश होते, ती शुद्ध नव्हतीच.

रविवारी हुबळीला घरी गेले. तोंड उतरलेलं बघून अप्पांनी विचारलं, "बॅटरी टिकली की नाही?"

"टिकली. पण अशुद्ध होती म्हणून टिकली, अप्पा."

ते मोठ्यानं हसले. मग म्हणाले, "लहानपणी गावात आमचा हात लागला तर लोक घागर ओतून द्यायचे. अशुद्ध झालं म्हणून."

हे त्यांनी मला कधीच सांगितलं नव्हतं. मी त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

सोमवारी मॅडमना सगळं सांगितलं. "मग आता मुद्दाम घाल, मोजून," त्या म्हणाल्या. याला आम्ही डोपिंग म्हणतो. कोबाल्ट जास्त झालं की बॅटरीत वीज कमी मावायची, कमी पडलं की तडे. पुष्कळ महिन्यांनी एक प्रमाण सापडलं. बॅटरी त्या पहिलीइतकी टिकत नाही, पण दर वेळी तेवढीच टिकते. माझा प्रबंध त्यावरच उभा राहिला.

अप्पा आता अधूनमधून गावाविषयी बोलतात. मध्येच थांबतात. मी घाई करत नाही.