परातवाली माई

आमच्या अमरावतीच्या गल्लीत माईसारखी चिक्कू बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकी भांडी उसनी देणारीही दुसरी नव्हती. नवी सून म्हणून आले तेव्हा मला याचं मोठं नवल वाटे. माई विधवा, पोटी मूल नाही, आमच्या भिंतीला लागून तिची एकच खोली. भिंतीवर ओळीनं खुंट्या आणि त्यांवर गंज, कढई, झारा. मधोमध तिची ती प्रसिद्ध पितळी परात.

मला सासू नव्हती, म्हणून संसार मी माईकडूनच शिकले. लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून, दोन तुकडे जोडून दंड कसा घालायचा, ज्वारीत कडुलिंबाचा पाला कधी बदलायचा, सगळं तिनं हाताला धरून शिकवलं. पैशाबाबत मात्र तिचा एकच कायदा होता. "पैसा घरात आला का त्याले आदी तीन रात झोपू द्याचा. मंगच हात लावाचा."

भांड्यांचा हिशेब ती खुंट्यांवर ठेवी. "खुंटी रिकामी दिसली का समजाचं, कोनी तरी येनार हाय," असं म्हणून ती स्वतःशीच हसे. भांडं रिकामं परत करायचं नाही, ही तर घरोघरची रीत. कुणी गुळाचा खडा घालून आणी, कुणी दोन वांगी. आलेली बाई घटकाभर बसे, सासूच्या कागाळ्या सांगे. माईला त्या वांग्यांचंच अप्रूप आहे, असं मी बरीच वर्षं समजत होते.

मग साता समुद्रापार कुठंशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोक बैलांच्या शिंगांना चांदी मढवू लागले. आमच्या घरी पैसा आला, त्याला मी एक रातही झोपू दिलं नाही. तांबटाकडून परात, घंगाळ, गंज, सगळं नवं कोरं आणलं आणि मोठ्या तोऱ्यात माईला सांगितलं, "माई, आता तुमाले तरास नाई!" गल्लीतल्या सगळ्यांनीच तसं केलं. माईच्या खुंट्या भरल्या, त्या भरलेल्याच राहिल्या.

एके दुपारी माई दारात आली. "पोरी, तुही परात देतं का? सकाळी आनून देतो."

मी खो खो हसले. "काहून वो माई? तुमची त भिंतीवर लटकून राहिली ना!"

ती गोरीमोरी झाली. "हो वं. ध्यानातच नाई राह्यलं," म्हणाली आणि पदर सावरत गेली. ते हसू आजही आठवलं की मला स्वतःचा राग येतो. तिला परात नको होती. ती परत करायला यायचं निमित्त तिला हवं होतं.

पुढं माईचा पुतण्या तिला अकोल्याला न्यायला आला. बाकी भांडी गाडीत चढली, परात तेवढी ती माझ्याकडं घेऊन आली. आत मूठभर ज्वारी होती. "ठेव. कोनाच्या हाती धाडू नको. तूच येजो घेऊन."

"येतो ना माई," मी म्हटलं, आणि विसरले.

लढाई सरली, भाव कोसळला. माझी नवी भांडी एकेक करून तांबटाकडं परत गेली. माईची परात मात्र मी विकली नाही. तिच्याकडं रिकाम्या हातानं कसं जायचं, या लाजेत आणखी दोन वर्षं घालवली. शेवटी परातीत तिळाचे लाडू बांधून अकोल्याच्या गाडीत बसले.

पुतण्याच्या बायकोनं परात पाहिली आणि दारातच ओळखलं. "तुमीच का त्या? काकूबाई पोळ्यानंतर गेल्या."

तिनं मला माईची खोली दाखवली. एक खाट आणि भिंतीत एकच खुंटी, माईनं आल्या आल्या स्वतः ठोकलेली. "तिले कायबी अडकवू देत नव्हत्या. पोरांनी टोपी अडकवली त काढून फेकत. मानूस येनार हाय, म्हनत."

लाडू मी पोरांना वाटले. मग कितीतरी वेळ परात छातीशी धरून त्या खुंटीसमोर उभी राहिले. ती अडकवायला माझा हात काही वर गेला नाही.