बारा खंडांतला एक

चीनमधल्या न्ये घराण्याच्या गावात यीन्हुआची ओळख एवढीच, ताओशंगची बायको. वंशावळ सांभाळायचं काम ताओशंगचं. सहाशे वर्षांची नावं, बारा खंड, सगळे एकसारखे निळे. बायकांची नावं त्यात नसत, नुसतं माहेरचं आडनाव. एवढा कागद खर्चला, पण त्यांच्या नावांपुरती जागा मात्र निघाली नव्हती. लहानपणी गेलेली पोरंही नसत. पण ताओशंगनं नियम मोडून एक नाव चोरून लिहिलं होतं, शाओपेइ. नवव्या वर्षी तापानं गेलेला त्यांचा एकुलता एक. त्याला ना थडगं, ना पूजेची पाटी. जगात तो उरला होता तेवढ्या एका ओळीत. यीन्हुआला अक्षरओळख नव्हती, आणि कुठला खंड हे विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही.

एकोणीसशे सहासष्टच्या उन्हाळ्यात क्रांतीच्या नावाखाली जुनं ते सगळं जाळायचा हुकूम आला. ताओशंगला चौकशीला नेलं. यीन्हुआनं खंड लपवले ते स्वतःच्या शवपेटीत. म्हातारपणासाठी ती प्रत्येक घरात करून ठेवलेली असतेच.

भर दुपारी दारावर लाथ बसली. घाबरून ती पेटीत शिरली आणि खंडांवर आडवी झाली. जित्या माणसानं आपल्या पेटीत निजलं की मरण माग काढत येतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. तिचे पाय लाकडावर टकटक वाजत होते.

झाकण उघडलं पुतण्यानं. तोही जाळणाऱ्यांच्या टोळीत होता. घराण्यातल्या त्याच्या पिढीच्या सगळ्या मुलांच्या नावात असलेलं 'शाओ' सोडून तो शाओछीचा होंगवू, म्हणजे लाल योद्धा, झाला होता.

"काकू! हे काय आरंभलंस?"

"बरं नाही रे मला, शाओछी."

"होंगवू म्हण! आणि पलंग मोडला का तुझा?"

बाहेरून टोळीतलं कुणीतरी ओरडलं, "सापडलं का काही?"

तो वाकला. "एक तरी दे, काकू. रिकाम्या हातानं गेलो तर घर उकरतील."

एक. पण कुठला?

"आटप!"

पाठीखाली हाताला लागला तो तिनं ओढून दिला. अंगणातून धूर आला तेव्हा तिनं तोंडात बाही कोंबली.

चौथ्या दिवशी ताओशंग लंगडत परतला. त्यानं खंड जमिनीवर मांडले आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

"पहिला गेला! आपला मूळपुरुष गेला गं!" तो कपाळ बडवून रडू लागला.

"शाओपेइ?" तिनं विचारलं.

"तो आहे. अकराव्यात."

यीन्हुआ खंडांपाशी खाली बसली. मूळपुरुषासाठी, निदान नवऱ्यादेखत तरी, दोन टिपं गाळायला हवी होती. पण तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या आवरेना.