सासूबाईंसाठी वाचलेली खेकड्याची गोष्ट

मोखाड्याहून जव्हारला परतणाऱ्या जीपमध्ये मी रोज मांडीवर पुस्तक घेऊन बसते आणि रोज झोपून जाते. पंचायत समितीत दिवसभर अर्ज आणि टपाल वाचून डोळे असे शिणतात, की अक्षर दिसतं पण डोक्यात शिरत नाही. दिवाळीत सुरू केलेली कादंबरी अजून संपलेली नाही. दर वेळी दोन पानं मागे जाऊन वाचावं लागतं.

आश्रमशाळेत असताना मी अशी नव्हते. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असायची. समजलेली, न समजलेली, सगळी पुस्तकं मी वाचून काढली. त्याच शाळेत एकदा उत्तर देताना माझ्या तोंडून घरच्या बोलीतला शब्द गेला. वर्ग हसला. बाईही हसल्या. म्हणून मुलगी झाली तेव्हा ठरवलं, हिच्याशी घरात शाळेचीच मराठी बोलायची. नवरा साखरशेतच्या शाळेत शिक्षक. त्यालाही ते पटलं.

गुडघे दुखायला लागले तेव्हा सासूबाई दाभोशाहून आमच्याकडे राहायला आल्या. त्यांचं सगळं बोलणं बोलीत. मी म्हटलं, "आई, पोरीशी मराठीत बोला हां. शाळेत चुकते ती." त्यानंतर माझ्यासमोर त्या नातीशी फारसं बोलेनाशा झाल्या. मला ते दिसत होतं. पण दिसलेल्या प्रत्येक गोष्टीत लक्ष घालायला अंगात जोर लागतो.

मुलगी चौथीत आहे. संध्याकाळी भात कुकरला लावून मी तिला गोष्ट वाचून दाखवायला बसायचे. पाच-सहा ओळी झाल्या की जीभ जड व्हायची. ती मला हलवायची. "आई, काहीतरीच काय वाचतेस? गोष्टीत तहसीलदार नाहीये!" पुढे पुढे तिने हलवणं सोडलं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

थंडीतल्या एका रविवारी दुपारी भांडी आवरून मी आतल्या खोलीत आडवी झाले होते. पडवीतून मुलीचा आवाज आला. ती आजीला शाळेतून आणलेलं पुस्तक वाचून दाखवत होती. एक ओळ मराठीत वाचायची आणि तीच बोलीत सांगायची. अडखळत नव्हती. मी विसरलेले शब्द तिच्या तोंडी होते.

"खेकडा वाळूत घर बांधतो," ती म्हणाली.

"वाळूत कशाला?" सासूबाईंनी बोलीत विचारलं. "शेताचा बांध काय झाला?"

"हा समुद्रातला आहे, आजी."

"असू दे. घर पडंल त्याचं. सांग त्याला."

दोघी हसल्या. सासूबाईंना इतकं मोकळं हसताना मी आमच्या घरात ऐकलं नव्हतं. मग त्या हळूच म्हणाल्या, "आवाज कमी कर. आई ऐकंल."

"ती झोपली की उठत नाही," मुलगी म्हणाली. "रोजच तर वाचतो आपण."

मला राग आला नाही. लाज वाटली. थोडा वेळ तशीच पडून राहिले, मग उठून पडवीत गेले. मुलीने पुस्तक मिटलं. सासूबाई पदर सारखा करत उठायला लागल्या, जणू काही चोरी पकडली गेली होती.

"बसा आई," मी म्हटलं. मग कित्येक वर्षांनी बोलीत विचारलं, "पुढं काय झालं खेकड्याचं?"

"चुकलं!" मुलगी ओरडली. "बोलीत असं नाही म्हणत."

सासूबाई हसल्या नाहीत. सरकून त्यांनी मला चटईवर जागा दिली.

घरातला तो नियम त्या दिवशी सुटला. पण परवा वर्गशिक्षिकेने मुलीच्या वहीत लिहून पाठवलं, की लेखनात बोलीतले शब्द येतात, घरी शुद्ध मराठीचा सराव घ्यावा. नवऱ्याने वही माझ्यासमोर ठेवली. "काय करायचं?"

मला पुन्हा काही ठरवायचं नव्हतं. मी वहीत नुसती सही केली आणि सासूबाईंचे गुडघे शेकायला पाणी तापत ठेवलं.