क्रेटची गाडी

शंभर वर्षांपूर्वीच्या आयर्लंडमधला एक हल्ला आम्ही एकांकिकेसाठी निवडला, कारण त्याला एक भिंत आणि एक गाडी एवढंच नेपथ्य पुरणार होतं. स्वातंत्र्यासाठी लढणारी खेड्यातली माणसं वळणावर दगडी भिंतीआड दबा धरून बसतात, इंग्रज सैनिकांची लॉरी येते, बॉम्ब पडतो. आम्ही सगळे आयटीतले. दिवसभर साहेबाचं ऐकून संध्याकाळी तालमीत साहेबाला मारायला भलतीच मजा यायची.

लॉरी रचायला प्लास्टिकचे क्रेट आईने मिळवून दिले. आमची भाजी मार्केट यार्डात जाते, तिथे तिच्या शब्दाला वजन आहे. नाटकातली गाडी करायचीय, एवढंच मी तिला सांगितलं. पुढचं तिने विचारलं नाही. माझा भाऊ सैन्यात ट्रक चालवतो, सरहद्दीकडे. त्या आठवड्यात त्याचा फोन नव्हता. रेंज नसेल, असं मी आईला सांगायचे आणि आई मला.

स्पर्धेची पहिली फेरी शनिवार पेठेतल्या एका हॉलमध्ये होती. आपली गाडी बघायला आई ठेवणीतली साडी नेसून पुढच्याच रांगेत बसली. पडदा उघडला तेव्हा मी भिंतीआड पालथी पडले होते, हातात चिंध्यांचा बॉम्ब. दोन दगडांच्या फटीतून नेमका तिचा चेहरा दिसत होता. उठून जावं तर समोर प्रेक्षक, विंगेत दिग्दर्शक. इंजिनाचा आवाज आला, लॉरीचे दिवे लागले, आणि आई हसली. मी बॉम्ब टाकला. दिवे विझले. हॉलभर टाळ्या पडल्या.

सामान टेम्पोत चढवताना तिने विचारलं, "डायवर कोन हुता?"

"कोणी नव्हतं गं. नुसते दिवे होते."

"गाडी काय आपसूक चालती व्हय? पुढल्या टायमाला मानूस बसवा त्यात. मी येनार हाय बघायला."

आम्ही अंतिम फेरीत गेलो. ड्रायव्हरचं काम मी मागून घेतलं. ते दुसऱ्या कुणी केलेलं मला बघवलं नसतं. भावाचा फोन अजून आला नव्हता. नको येऊस, असं आईला परोपरीने सांगितलं, तर ती माझ्याआधी चप्पल घालून दारात उभी.

बॉम्ब पडला आणि मी स्टीअरिंगवर डोकं टाकलं. पडदा पडेपर्यंत हलायचं नव्हतं. डोळे उघडे ठेवायचे, ही दिग्दर्शकाची हौस. त्या उघड्या डोळ्यांसमोर आई खुर्चीतून उठली आणि पदर तोंडाशी धरून उभी राहिली.

"अहो काकू, बसून घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "आम्हीही तिकीट काढूनच आलोय."

ती बसली नाही. चालत रंगमंचाच्या कडेपाशी आली. माझ्याकडे बघत तिने भावाचं घरातलं नाव घेतलं आणि अगदी हळू म्हणाली, "ऊठ."

टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी तशीच पडून राहिले, आणि पडदा काही केल्या पडेना.