संत्र्याच्या कलमाची फिल्म

नोकरीतले बरेच गुन्हे आता आठवणीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. मोर्शीकडच्या एका शाळेतून फिल्मचा डबा गेला, ते प्रकरण मात्र अजून लख्ख आठवते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. मी मूळचा अकोल्याकडचा, त्या भागात नवा ठाणेदार म्हणून आलो होतो. शिक्षण खात्याची एक मोटार अमरावतीहून गावोगाव फिरे. वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावायच्या, भिंतीवर पांढरी चादर ताणायची आणि मुलांना हिवतापाचे डास, कपाशीवरची अळी असल्या फिल्मा दाखवायच्या. एक फिल्म तर आमच्याच भागातल्या बागेत काढलेली. जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा बसवून कलम कसे करायचे, ते एक तरुण माळी त्यात करून दाखवी.

बाजाराच्या दिवशी दुपारी खेळ संपला आणि नेमका त्याच फिल्मचा डबा नाहीसा झाला. हेडमास्तर फिर्याद घेऊन ठाण्यात आले. बरोबर शिक्षण खात्याचे तपासनीस होते. त्यांचा संशय सरळ मोटारीबरोबर फिरून फिल्मा दाखवणाऱ्या ऑपरेटरवर.

“फिल्म धुऊन तिच्या बांगड्या करणारे शहरात आहेत. यानेच विकली. लॉकअपमध्ये टाका, कबूल होईल.”

ऑपरेटर अकोल्याचा, पंचविशीचा. नोकरी अजून कच्ची होती, गुन्हा दाखल होताच ती जाणार हे उघड होते. मी त्याला समोर बसवून आडवेतिडवे प्रश्न विचारले. खेळ संपल्यावर विजेचे इंजिन बंद करायला तो बाहेर गेला, परत येतो तो डबा नाही. तीन-तीनदा विचारले तरी सांगणे तेच. गुन्हेगार माणसाला स्वतःची काळजी असते, याला डब्याचीच होती.

“साहेब, माह्यावर केस करा, पन डबा पयले हुडका. थे फिल्म म्हंजे बारूद हाये. ठिणगी लागली त घर जळते, पान्यानं विझत नाही.”

मी मोटारीतले बाकीचे डबे मोजून घेतले. सगळे जागच्या जागी होते. बांगड्यांसाठी चोरणारा एकच डबा का नेईल? हा प्रश्न मी हेडमास्तरांना विचारला, तेव्हा ते म्हणाले, “त्या फिल्ममधला माळी गेल्या पावसाळ्यात पटकीनं वारला. आज पोरं त्याला ओळखून ओरडली, आणि मग एकदम गप्प झाली.”

एवढ्यात हवालदार बाजारातून खबर घेऊन आला. शाळेसमोरच्या पानठेलेवाल्याने सांगितले होते की एक म्हातारा बागवाला खेळ चालू असताना शाळेच्या दारात उभा होता, आणि नंतर वांग्यांचे भरले टोपले घेऊन घरी निघाला. भर बाजारातून भाजी न विकता कोणी परत जात नाही. तो म्हातारा कोण, हे विचारण्याची गरजच उरली नाही. मेलेल्या माळ्याचा तो बाप.

हवालदार, ऑपरेटर आणि मी टांग्याने त्याच्या बागेत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. झोपडीचे दार उघडे होते. आत कोनाड्यात फिल्मचे भेंडोळे उलगडून ठेवलेले, त्याला हळद-कुंकू वाहिलेले, आणि पुढ्यात वीतभर अंतरावर तेलाचा दिवा जळत होता. म्हातारा-म्हातारी हात जोडून बसली होती. डोक्यावर गवताचे छप्पर.

ऑपरेटर ओरडणार होता. मी त्याचे मनगट दाबले. म्हातारा दचकून उठला असता आणि दिवा लवंडला असता, तर कोणीच वाचले नसते. मी दारातूनच आवाज शक्य तितका हळू ठेवून म्हणालो, “बाबा, मी ठाणेदार. अंधारात मले तुमचं तोंड दिसून नाही राहिलं. दिवा घेऊन जरा बाहेर या.”

त्याने दिवा उचलला. वात थरथरली. त्याच्या धोतराचा सोगा भेंडोळ्याला घासून गेला. तो उंबरा ओलांडून अंगणात आला आणि मी स्वतः फुंकर मारून दिवा विझवला. ऑपरेटर तिथेच मातीत बसला आणि रडू लागला.

“चोरी काहून केली बाबा?”

“चोरी कायची, साहेब? माह्या पोराले घरी आनलं.”

म्हातारी दारातून म्हणाली, “पन येथं थो हालत नाही. शाळेत त हालत होता म्हनते हे.”

हवालदार तोंड फिरवून उभा राहिला.

फिल्म जप्त करून पंचनामा केला. चोरीला बदनियत लागते आणि ती इथे नाही, असा रिपोर्ट मी पाठवला. मॅजिस्ट्रेटनी तो मान्य केला. तपासनीस मनाने वाईट नव्हते. त्यांनी ऑपरेटरची सर्वांसमोर माफी मागितली आणि बागेतच एक खेळ लावण्याची परवानगी दिली. शेजारच्या गोठ्याच्या भिंतीवर चादर ताणली. पोरगा डोळा बसवतो, वर सुतळी गुंडाळतो आणि मध्येच कोणाकडे तरी पाहून हसतो.

“पाहा, बोट कापलं होतं त्याचं,” म्हातारी म्हाताऱ्याला दाखवत होती. “मी चिंधी बांधली होती, थेच हाये.”

फिल्म संपल्यावर तिने आणखी एकदा लावा असे म्हटले नाही. पदराने तोंड पुसले आणि आम्हा सगळ्यांना जेवायला बसवले. जेवताना म्हातारा ऑपरेटरच्या पानात पुन्हापुन्हा भाजी वाढत होता. पुढे ऑपरेटरने अमरावतीच्या एका फोटोवाल्याकडून त्या हसऱ्या चेहऱ्याचा मोठा फोटो करवून घेतला आणि स्वतः नेऊन दिला.

चोरीला गेलेली वस्तू कितीची, हे फिर्यादीत लिहून घ्यायची आम्हा पोलिसांना सवय. ती कोणाची कोण लागते, हेही विचारावे, हे मी त्या बागेत शिकलो. पुढच्या नोकरीत त्या एका प्रश्नाने कितीतरी निर्दोष माणसे माझ्या हातून सुटली.